शाबासकीच्या गोट्यांची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोट मोठं, मान आखूड, आणि झाकणाचा तर कधीपासून पत्ताच नाही. हसू नका. तुमच्यातही काही जणांना मान नसते, मी बघितलंय! पण एक सांगते, माझ्या पोटात काहीही ठेवा, ते लपून राहत नाही. त्यामुळे मला गुपितं सांगण्यात काही अर्थ नाही. गोष्ट मात्र मी बरी सांगते, आणि आज माझीच सांगणार आहे.

मुळात मी वाळू होते. होय, तीच वाळू, जी तुमच्या बुटात जाते आणि मग घरभर सांडली म्हणून आई ओरडते. एके दिवशी आम्हाला पोत्यांत भरून काचेच्या कारखान्यात नेलं, सोडा आणि चुना मिसळला आणि भट्टीत घातलं. बाप रे, ती भट्टी! तिच्या तोंडाकडे बघताना माणसं डोळ्यांवर हात धरायची. आत गेल्यावर मी कोण आणि शेजारची कोण, काही कळेना. आम्हा सगळ्या कणांचा मिळून एक लालभडक, मधासारखा घट्ट रस झाला. मग एका कारागिराने लांब लोखंडी नळीच्या टोकावर त्यातला गोळा उचलला, नळीचं दुसरं टोक ओठांना लावलं आणि गाल फुगवून फुंकर मारली. आणि माझं पोट फुगलं! मित्रांनो, त्या क्षणाचं नवल मला अजून वाटतं. मघापर्यंत जी कुणाच्या खिजगणतीतही नव्हती, त्या वाळूतून आता पलीकडची खिडकी दिसत होती. एका माणसाच्या नुसत्या श्वासाने हे केलं होतं.

मला वाटलं, झालं, आता जग बघायला निघायचं. पण त्याने मला उचलून दुसऱ्या, कमी तापलेल्या भट्टीत ठेवलं. त्याची बहीण त्याचा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "दादा, झाली ना तयार? मग हिला परत का भाजतोस?"

"भाजत नाही गं, निववतोय," तो म्हणाला. "तापलेली काच एकदम गार हवेत नेली तर तडकते. हिला हिच्या वेळाने निवू द्यायचं. घाई करून चालत नाही."

तिथून मी एका किराणा दुकानात आले. माझ्या पोटात रंगीत गोळ्या भरल्या आणि मला गल्ल्याशेजारी बसवलं. काय तो थाट! संध्याकाळी शाळा सुटली की माझ्या काचेला नाकं चिकटायची. "ती लाल द्या." "ती नको, तिच्या खालची द्या." दुकानदार वैतागायचा, पण सर्वांत खालची गोळीसुद्धा काढून द्यायचा. त्याची एक मुलगी होती. सुटीच्या दिवशी ती स्टुलावर चढून मला पुसायची आणि पुसता पुसता एक गोळी हळूच गालात ठेवायची. मला सगळं दिसायचं. पण मी कुणाला सांगणार?

पुढे गोळ्या चकचकीत पाकिटांत येऊ लागल्या. पाकिटं दोरीला लटकवली की जागाही लागत नाही. मग माझी रवानगी माळ्यावर झाली. शेजारी एक गळकी बादली होती आणि माझ्या तोंडावर एका कोळ्याने संसार थाटला. कोळी स्वभावाने चांगला होता, पण बोलायचा नाही. माझ्या अंगावर इतकी धूळ बसली की माझ्यातून काही दिसेनासं झालं, आणि ज्या बरणीतून काही दिसत नाही तिच्याकडे कोण बघणार? ते दिवस फार वाईट गेले.

मग एका दुपारी माळ्यावर कुणीतरी शिंकलं. दुकानदाराची तीच मुलगी! आता ती मोठी झाली होती आणि एका प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिने पदराने माझी धूळ पुसली आणि खाली हाक मारली, "आप्पा, ही बरणी मी नेऊ?"

"ने की. तिला कोण विचारतंय आता?"

"माझा वर्ग विचारेल," ती म्हणाली.

असा मी तिसरीचा वर्ग पाहिला. खिडकीजवळ तिचं, म्हणजे आता बाईंचं, टेबल, त्यावर मी. समोर बाकांच्या रांगा, खुंट्यांवर दप्तरं, कुरकुरणारा पंखा आणि त्याखाली मुलंच मुलं. दुकानात मी मुलं बघितली होती, पण ती गोळी घेऊन पळायची. दिवसभर एका खोलीत राहणारी मुलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, माझी मती गुंग झाली. मैत्रिणीचं खोडरबर हरवलं म्हणून एका मुलीने स्वतःचं दातांनी तोडून अर्धं दिलं. एक मुलगा पायाला प्लास्टर असलेल्या मित्रासाठी रोज सकाळी गुपचूप बाक पुढे ओढून ठेवायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. भट्टीतला उजेड मी बघितला आहे, पण हे काहीतरी वेगळंच होतं.

बाईंनी एका कापडी पिशवीतून काचेच्या गोट्या काढल्या. माझ्याच जातीच्या, पोटात रंगीत पाकळ्या असलेल्या. त्या म्हणाल्या, "कुणी कुणाशी चांगलं वागलं की एक गोटी बरणीत पडणार. बरणी काठोकाठ भरली की एक दिवस तुमच्या मनासारखा. बोला, काय करायचं त्या दिवशी?"

वर्गात एकच गलका झाला. शेवटी एका मुलाने हात वर केला. हा प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी तुम्ही बाकावर बसायचं आणि आम्ही शिकवायचं!"

"आणि गृहपाठ?"

"तोही आम्हीच देणार. भरपूर!"

सगळ्या वर्गाने बाकं बडवली. बाईही हसल्या आणि त्यांनी पहिली गोटी माझ्यात टाकली. टण्! इतक्या वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी पडलं. मला अगदी भरून आलं.

काही आठवड्यांनी वर्गात एक नवीन मुलगी आली. तिची आई दूरच्या शहरात दवाखान्यात होती, बाबा आईच्या उशाशी होते आणि हिला मावशीकडे आणून ठेवलं होतं. तिचं नाव मी सांगणार नाही. मी मनातल्या मनात तिला ठिणगी म्हणायचे. कुणी तिची पाण्याची बाटली सरकवली की ती किंचाळायची. रांगेत कुणी पुढे घुसलं की ढकलून द्यायची. एकदा चित्र मनासारखं जमलं नाही म्हणून तिने रंगांची पेटी भिंतीवर भिरकावली. आणि हे सगळं झाल्यावर ती बाकाखाली जाऊन बसायची, गुडघ्यांत डोकं घालून, कितीतरी वेळ.

बाईंनी समजावून बघितलं, रागावून बघितलं. शेवटी एके दिवशी त्या दमून म्हणाल्या, "आता तू पुन्हा असं केलंस तर बरणीतली एक गोटी बाहेर." तिने पुन्हा केलं, आणि बाईंनी माझ्यात हात घातला.

मित्रांनो, गोटी आत पडते तेव्हा टण् असा आवाज येतो. बाहेर काढताना आवाज होत नाही. पण सगळा वर्ग मान वळवून त्या एका मुलीकडे बघतो. "तुझ्यामुळे!" असं आधी कुणीतरी कुजबुजलं, मग मोठ्याने म्हणालं. गोट्या सकाळी वर चढायच्या आणि दुपारी खाली उतरायच्या. मुलं मधल्या सुटीत माझ्याभोवती जमून बोटाने उंची बघायची आणि उसासे टाकायची.

गोट्या भरून काढण्यासाठी मग एकेक नमुनेदार युक्त्या निघाल्या. एकाने मुद्दाम पेन्सिल पाडायची, दुसऱ्याने झडप घालून उचलायची आणि दोघांनी बाईंकडे बघायचं. वर्गात सगळ्यात लहानखुरी एक मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. ती येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी दार उघडून धरायला लागली. इतकं, की दिवसभर कुणाला दार लावताच येईना आणि वाऱ्याने बाईंचे कागद उडायला लागले. मला हसूही येई आणि वाईटही वाटे. पहिल्या दिवसांत जे आपोआप होत होतं, ते आता माझ्याकडे एक डोळा ठेवून होत होतं.

एकदा मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, वर्गात डोकावले. ठिणगी तेव्हा बाकाखाली होती. ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. हिच्यासाठी दुसरी शाळा बघायला सांगू का मावशीला?"

"सर, ही मुलं आहेत, आंबे नव्हेत," बाई म्हणाल्या.

"बरं, सत्र संपेपर्यंत बघा. नाहीतर मग मला काहीतरी ठरवावं लागेल."

आणि मग ती मधली सुटी आली. बाई वर्गाबाहेर होत्या. ठिणगी एकटी डबा खात बसली होती. वकील तिच्या बाकाशी गेला. तो काही दुष्ट मुलगा नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची सवय होती.

"हे बघ, आम्ही तुझ्यावर चिडलेलो नाही," तो म्हणाला. "पण तू आलीस की गोट्या जातात. हो की नाही?"

तिने डब्याचं झाकण लावलं.

"मग तू थोडे दिवस घरीच थांब ना. बरणी भरली की ये. मग सगळेच खूश."

तिने विचार केला. "मग मी पण चांगली म्हणायची?"

वकील जरा गडबडला. "हो. म्हणजे... हो. तुझ्यामुळेच भरली असं म्हणू आम्ही."

ती उठून माझ्याजवळ आली. गोट्या जिथपर्यंत होत्या तिथे काचेवर तिने बोट ठेवलं आणि तिथून काठापर्यंत वर नेलं. "बरं," ती म्हणाली.

मला ओरडावंसं वाटलं, "अगं नको, ऐकू नकोस त्याचं!" पण बरणीचं तोंड एवढं मोठं असून काय उपयोग? दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बाईंनी फोन केला तर मावशी म्हणाली, पोटात दुखतंय.

वर्ग शांत झाला. टण्, टण्, टण्, गोट्या पडत राहिल्या, बाहेर एकही गेली नाही. बाईंनाही जरा हायसं वाटलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दमलेल्या माणसाला शांतता हवीशी वाटते, त्यांना तरी मी काय बोलणार? पण मला काही केल्या चैन पडेना. दुकानात असताना भरलेलं असणं हेच माझं सुख होतं. आता मी गळ्यापर्यंत भरत आले होते आणि माझं सगळं लक्ष तिच्या रिकाम्या बाकाकडे होतं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ठिणगीची मावशी आली. ती शिवणकाम करायची. गळ्यातली मापाची फीत काढायचीही तिला आठवण राहिली नव्हती. दारातूनच तिने विचारलं, "बाई, बरणी भरली का हो?"

"बरणी?" बाई चकित झाल्या.

"ती रोज संध्याकाळी मला हेच विचारून यायला सांगते. आधी पोटात दुखतं म्हणायची. डॉक्टरांनी तपासलं, तर काही नाही. काल मी चिडले. म्हटलं, शाळा बुडवणं हे काय चांगल्या मुलीचं लक्षण आहे? तर म्हणाली, मावशी, तुला नाही कळत. मी घरी बसून रोज गोट्या टाकतेय."

बाई मटकन जवळच्या बाकावर बसल्या. तो मुलांचा बाक, त्यांचे गुडघे पार वर आले, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, आईला मी कबूल केलंय की मावशीकडे चांगली वागेन. वर्गात मला नाही जमत. घरी बसलं की जमतं." मावशीने गळ्यातली फीत बोटाला गुंडाळली. "बाई, माझ्या बहिणीला मी काय सांगू?"

बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या मावशीला म्हणाल्या, "उद्याचा एक दिवस द्या मला. परवा तिला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला टेबलावरून उचलून सगळ्यांच्या मधोमध एका खुर्चीवर ठेवलं. मला वाटलं, आता एकेकाची हजेरी घेतली जाणार. पण त्यांनी आवाजही चढवला नाही. ठिणगी मावशीला काय म्हणाली होती, ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "तिला घरी बसायला कुणी सांगितलं असेल, तर ते मला विचारायचं नाही. तिच्या नावाने गोट्या बाहेर काढायला मी सुरुवात केली. पहिली चूक माझी आहे. आता ह्या बरणीचं काय करायचं, ते मला कळत नाही."

मग वकील उठला. त्याचे कान लाल झाले होते. तो माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, ह्या गोट्या लबाडीच्या आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या नाहीत. पण खऱ्या कुठल्या ते आता कळत नाही."

त्याने मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. मी जड झाले होते, त्याला उचलता येईना. चिमणी धावत आली आणि तिने खालून हात लावला. दोघांनी मिळून मला कापडी पिशवीत उपडं केलं. सगळ्या गोट्या धो धो करत बाहेर पडल्या.

मित्रांनो, मी आगीतून निघालेली आहे, मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण त्या वेळी मी अवाक झाले. एवढे दिवस ज्या दिवसासाठी ही मुलं एकेक गोटी मोजत होती, तो हाताशी आला होता. अगदी हाताशी. आणि कुणीही "थांब रे!" म्हटलं नाही. ही माणसं एवढीशी, ह्यांच्या बुटाची नाडी ह्यांना नीट बांधता येत नाही, आणि ह्यांच्यात हे बळ कुठून येतं? मागच्या बाकावरून कुणीतरी एवढंच विचारलं, "आता ती येईल?"

बाईंनी त्या दिवशी नियम बदलले. एकदा आत गेलेली गोटी कधीही बाहेर येणार नाही. आणि जो चांगलं वागला त्याने गोटी टाकायची नाही, ज्याच्याशी कुणी चांगलं वागलं, त्याने टाकायची.

"म्हणजे पेन्सिल पाडून चालणार नाही?" वकिलाने विचारलं.

"पाडून बघ," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे वर्ग हसला.

ठरल्याप्रमाणे ठिणगी आली. मावशीचा हात सोडून तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "सगळ्या गेल्या? पण मी तर आलेच नव्हते!"

"तुझ्यामुळे नाही गेल्या," वकील घाईघाईने म्हणाला. "आम्हीच ओतल्या."

"का?"

त्याने बरंच काही ठरवून ठेवलं असावं, पण ऐन वेळी वकिलाची वाचा बसली. "तू नव्हतीस म्हणून," एवढंच तो म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, मग ती एकदम गुणी झाली असेल. छे हो! तापलेली काच एवढ्यात निवत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. बाईंनी कपाटाच्या आडोशाला एक चटई आणि उशी टाकली आणि सगळ्यांना सांगितलं, "राग कुणालाही येतो, मलाही येतो. राग येणं वाईट नाही, हात उगारणं वाईट. आला की इथे येऊन बसायचं. कुणी विचारणार नाही, कुणी हसणार नाही." पहिल्या दिवसांत तिथे फक्त ठिणगी जायची. मग एकदा चिमणी जाऊन बसली, आणि एकदा चक्क बाई!

एकदा ठिणगी त्या कोपऱ्यात मलाही घेऊन गेली. तिने माझ्या काचेजवळ तोंड आणलं आणि हाऽऽ करून लांब श्वास सोडला. काच धुरकट झाली. ते धुकं विरेपर्यंत ती एकटक बघत राहिली. मग पुन्हा एक श्वास, पुन्हा वाट बघणं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने स्वतःच शोधून काढलं होतं. एका माणसाच्या श्वासाने मी जन्माला आले होते, आणि आता ही पोर आपला श्वास माझ्यावर सोडून शांत होत होती. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. थोड्या दिवसांनी पाहते तो सगळा वर्गच माझ्यावर श्वास सोडायला लागला. काच पुसून पुसून बाईंचे हात दुखले.

तिने पहिली गोटी टाकली ती चिमणीसाठी. चिमणी तिच्याबरोबर नळापर्यंत गेली होती, काही न बोलता, नुसती सोबत म्हणून. गोटी टाकताना ठिणगीने मान वर केली नाही. पण टाकली.

सत्र संपत आलं. मी पुन्हा भरत आले होते, हळूहळू, पण खऱ्या गोट्यांनी. आणि एके दिवशी ती सुजलेले डोळे घेऊन आली. आईचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. हे बाईंना नंतर कळलं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मागे दोघी मुली त्यांच्याच कसल्यातरी गमतीवर हसल्या. ठिणगीला वाटलं, आपल्याला हसल्या. ती वळली, किंचाळली आणि तिने सगळं बळ लावून बाईंचं टेबल ढकललं.

मी पडले. पडताना मला छत दिसलं, मग मुलांचे पाय दिसले, मग फरशी. खळ्ळकन आवाज झाला आणि गोट्या वर्गभर उधळल्या, बाकांखाली, दाराबाहेर, कपाटामागे.

"कुणी हलू नका! पायात काच जाईल," बाई ओरडल्या. त्यांनी आधी मुलांचे हात बघितले, पाय बघितले. मग मला उचललं. मी फुटले नव्हते. काठाचा एक टवका उडाला होता आणि पोटावर एक लांब चीर गेली होती. बाईंनी काचेचे तुकडे वेचले, फरशीवरून ओलं फडकं फिरवलं. आवाज ऐकून मोठे सर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ठिणगीकडे बघितलं, मग बाईंकडे.

ठिणगीला कुणी काही म्हणालं नाही. तिनेच आपली बाटली दप्तरात घातली, दप्तर खांद्याला लावलं आणि ती दाराकडे निघाली. रडत नव्हती. तो काटकुळा खांदा, ते लोंबणारं दप्तर, मला बघवेना. "मी घरी जाते," ती म्हणाली. "तुम्ही भरा बरणी."

मोठे सर बाजूला सरकून तिला वाट देत होते. एवढ्यात वकील उठला, त्यांच्या बाजूने घुसला आणि दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"कुठे चाललीस?"

"घरी. मी बरणी फोडली."

"हो, फोडलीस," वकील म्हणाला. "मग? तुझ्याशिवाय भरली तर आम्हाला परत ओतावी लागेल. किती जड असते माहितेय? ठेव ते दप्तर."

ती तशीच उभी राहिली. चिमणी मागून आली आणि तिने दप्तराचा पट्टा तिच्या खांद्यावरून हळूच खाली ओढला. मग सगळे उठले. कुणी बाकाखाली शिरलं, कुणी कपाटामागे हात घातला. "इथे एक आहे!" "इकडे दोन!" ठिणगी थोडा वेळ बघत राहिली, आणि मग खाली बसून तीही गोळा करू लागली. रडू तिला तेव्हा फुटलं. रडत रडत ती गोट्या वेचत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुलं वेचत होती.

एक गोटी घरंगळत मोठ्या सरांच्या बुटाशी गेली होती. त्यांनी वाकून ती उचलली. "ही कुणी टाकायची?" त्यांनी विचारलं.

"ज्याच्याशी कुणी चांगलं वागलं, त्याने," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

सरांनी ती गोटी ठिणगीच्या हातात दिली. तिने आधी दाराकडे बघितलं, वकील अजूनही तिथेच पाय रोवून उभा होता. मग तिने गोटी माझ्यात टाकली. माझा आवाज आता जरा फुटका आला, पण सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या शाळेचं नाव सरांनी पुन्हा काढलं नाही.

माझ्या चिरेवर निळी चिकटपट्टी ठिणगीनेच लावली, जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश. काही दिवसांनी मी काठोकाठ भरले आणि बाई बाकावर बसल्या. वकिलाने त्यांना इतका गृहपाठ दिला की त्या म्हणाल्या, "अरे, दया कर!" ठिणगीने सुईत दोरा कसा ओवायचा ते शिकवलं. बाईंना काही जमलं नाही. "घाई नको बाई, जमेल," ती त्यांना म्हणाली. सत्रानंतरच्या सुटीत ऑपरेशन होऊन तिची आई घरी आली आणि ती आपल्या गावी परत गेली. मला मात्र तिचा श्वास अजून आठवतो.

आता मी बरीच म्हातारी झाले आहे. तडा गेलेल्या बरणीचा भरवसा नसतो, कधीतरी माझे दोन तुकडे होतील. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला जपून पुसा, एवढं सांगेन. आणि माझ्या आवाजासाठी म्हणून कधी चांगलं वागू नका. पण मित्रांनो, एक मागणं आहे, ते तेवढं मनावर घ्या. तुमच्या वर्गातही कुणीतरी असेल, ज्याला वाटत असेल की आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल. तो रडणार नाही, भांडणार नाही. गुपचूप दप्तर उचलेल आणि दाराकडे निघेल. तेव्हा बाई काय म्हणतात, सर काय म्हणतात, ह्याची वाट बघू नका. धावत जा आणि दारात उभे राहा.